परक्याचे डोळे : एका परीक्षण-पुस्तिकेची प्रस्तावना

मुक्तस्रोत म्हणून प्रस्तावित झालेल्या एखाद्या संगणकीय लायब्ररीचे, आणि तिच्यासोबत येणाऱ्या दस्तऐवजांचे, परीक्षण कोणी करावे, कसे करावे आणि त्यावरचा निवाडा कोणत्या शब्दांत द्यावा, एवढ्याच विषयाला वाहिलेली ही पुस्तिका पुणे, बंगळूर किंवा हैदराबाद अशा संगणक-व्यवसायाच्या नगरीत न लिहिली जाता काशीतील दूधविनायकाच्या गल्लीत का लिहिली गेली, याचा खुलासा आरंभीच करणे मला उचित वाटते. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्मघाट आणि दूधविनायक या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांची ओळख आजवर वेदाध्ययन, शास्त्राध्यापन आणि क्षेत्रातील उपाध्येपण यांनी होत आली. त्याच घरांच्या माडीवर आता संगणकापुढे बसून दूरदेशींच्या अनोळखी माणसांशी सहकार्याने काम करणारी तरुण मंडळी आहेत, आणि त्यांच्यापुढे जो प्रश्न रोज उभा राहतो तो या नगरीला मुळीच नवा नाही : कोणा एकाने रचलेली कृती सर्वांच्या उपयोगासाठी स्वीकारावी की नाही, हे ठरवावयाचे कसे?

लायब्ररी हा शब्द येथे ग्रंथालय या अर्थी घ्यावयाचा नाही. ज्याप्रमाणे सुतार प्रत्येक पेटीसाठी बिजागऱ्या स्वतः घडवीत बसत नाही, तर त्या कामात मुरलेल्या कारागिराच्या हातच्या आणून बसवितो, त्याप्रमाणे प्रोग्राम लिहिणारा मनुष्य तारखांची गणिते, शब्दांची क्रमवारी, फायलींचे संकोचन अशी वारंवार लागणारी कामे दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या फंक्शनांच्या संचाकडून करवून घेतो. त्या संचाला लायब्ररी म्हणतात. ती मुक्तस्रोत असली म्हणजे तिचा मूळ कोड कोणासही वाचता येतो, तिच्यात फेरफार करता येतो आणि सोबतच्या लायसन्सच्या, म्हणजे एका प्रकारच्या सनदेच्या, अटी पाळून ती पुढे वाटताही येते. या व्यवस्थेचे सामर्थ्य आणि तिची नाजूकता एकाच ठिकाणी आहेत. २०१६ च्या मार्च महिन्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा, शब्दाच्या डावीकडे ठराविक रुंदीपर्यंत चिन्हे भरणारा अवघ्या ११ ओळींचा संच त्याच्या कर्त्याने सार्वजनिक भांडारातून काढून घेतला, तेव्हा ज्यांना त्याचे नावही ठाऊक नव्हते असे हजारो प्रकल्प एकाएकी अडून बसले. आपण कोणाच्या बिजागऱ्यांवर दार टांगले आहे, हे दार निखळेपर्यंत कोणी पाहिलेच नव्हते. एखादी लायब्ररी प्रस्तावित होते तो क्षण म्हणूनच महत्त्वाचा : अजून तिच्यावर कोणाचे दार टांगलेले नसते, आणि शांतपणे हरकत घेण्याची खरी मुदत तीच असते.

दूधविनायकाच्या गल्लीत राहणाऱ्याला स्वतःच्या घराचा पत्ता कधी अवघड वाटत नाही. नवख्या यात्रेकरूने विचारले की आपण अगदी मनापासून सांगतो, देवळापाशी डावीकडे वळा आणि चौथऱ्यावरून उजवीकडे. आणि अर्ध्या घटकेने तोच यात्रेकरू घामाघूम होऊन पुन्हा आपल्याच दारात उभा राहतो. आपण खोटे काहीच सांगितलेले नसते. मधली दोन वळणे तेवढी सांगावयाची राहून गेलेली असतात, कारण ती आपल्या पायांना इतकी पाठ झालेली असतात की जिभेपर्यंत पोहोचतच नाहीत. लायब्ररीच्या कर्त्याने लिहिलेल्या दस्तऐवजांत नेमके हेच घडते. कर्ता त्या गल्लीचा रहिवासी असतो. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नसूनही त्याचे स्पष्टीकरण अपुरे राहते, आणि ते कोठे अपुरे आहे हे त्याला स्वतःला दिसणे जवळजवळ अशक्य असते. परीक्षकाचे पहिले कर्तव्य हे की त्याने परक्याचे डोळे घेऊन त्या गल्लीत शिरावे आणि केवळ लेखी पत्त्याच्या आधारे घर सापडते की नाही ते पाहावे. पुढील सर्व प्रकरणांत जे सांगितले आहे, ते या एका वाक्याचा विस्तार आहे.

हे वाक्य मला पुस्तकातून मिळाले नाही. ते माझ्या हातून झालेल्या एका चुकीने शिकविले. काही वर्षांपूर्वी मराठी मजकुरावर प्रक्रिया करणारी एक छोटी लायब्ररी माझ्याकडे अभिप्रायासाठी आली. कोड नीटनेटका होता, चाचण्या सर्व उत्तीर्ण होत होत्या, आणि दस्तऐवजांत प्रत्येक फंक्शनापुढे इंग्रजीत एकेक ओळ लिहिलेली होती. त्यांपैकी एका फंक्शनापुढे ‘दिलेल्या शब्दाची लांबी परत करते’ एवढ्याच अर्थाचे शब्द होते. मी ती ओळ वाचली, मान डोलावली आणि बिनशर्त मंजुरीची शिफारस केली. पुढे आमच्याच ओळखीच्या घरातील एक मुलगी अभंगांची छंदरचना तपासणारा प्रोग्राम त्या लायब्ररीच्या आधारे लिहू लागली. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात, हा नियम तिला उत्तम ठाऊक होता. परंतु तिचा प्रोग्राम एकामागून एक निर्दोष अभंग सदोष ठरवू लागला. एके संध्याकाळी ती वही घेऊन आली आणि तिने मला साधा प्रश्न विचारला, “काका, ‘दऱ्या’ या शब्दात अक्षरं किती?”

कोणतेही शाळकरी मूल सांगेल की ‘द’ आणि ‘ऱ्या’ अशी दोन. लायब्ररी मात्र पाच सांगत होती. आम्ही दोघे त्या एका शब्दापाशी बराच वेळ बसलो, आणि जे निष्पन्न झाले ते असे. युनिकोडच्या, म्हणजे लिप्यांतील चिन्हांना एकेक संकेतांक नेमून देणाऱ्या, व्यवस्थेत हा शब्द द, ऱ, हलन्ताचे चिन्ह, य आणि काना अशा पाच संकेतांकांनी लिहिला जातो. म्हणून संकेतांक मोजले तर उत्तर पाच. तोच शब्द यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीने साठविला तर प्रत्येक देवनागरी संकेतांकास तीन बाइट लागतात. म्हणून बाइट मोजले तर उत्तर १५. वाचणाऱ्याला एकसंध दिसणारे गट मोजण्याचा जो नियम युनिकोडने घालून दिला होता, त्याप्रमाणे हलन्तानंतर गट तुटत असे आणि ‘द’, ‘ऱ्’, ‘या’ असे तीन गट पडत. २०२३ साली आलेल्या १५.१ या आवृत्तीत भारतीय जोडाक्षरांसाठी नवा नियम घातला गेला आणि तेव्हापासून त्याच शब्दाचे दोन गट होऊ लागले. पंधरा, पाच, तीन आणि दोन, ही चारही उत्तरे आपापल्या अर्थाने खरी आहेत, आणि दस्तऐवजाने ‘लांबी’ हा एकच शब्द लिहून त्यांतले कोणते ते सांगितले नव्हते.

एवढ्यावर हे प्रकरण संपत नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, डोंगरातल्या दऱ्या निराळ्या आणि कोळ्याचा दर्या निराळा. आचाऱ्यास दिलेला मान आणि आचार्यास दिलेला मान यांतही तोच भेद. हा भेद दाखविणारा ऱ संगणकावर निदान तीन वाटांनी लिहिला जातो : एक, त्याच्या स्वतःच्या संकेतांकाने, दुसरी, साध्या र ला नुक्ता जोडून, आणि तिसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिल्या दोन वाटा युनिकोडचे सामान्यीकरण, म्हणजे समान मानलेल्या लेखनांना एकच रूप देण्याची क्रिया, एकत्र आणते. तिसरी मात्र वेगळीच राहते. परिणामी एकाने एका पद्धतीने लिहिलेला ‘दऱ्या’ दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधला तर तो सापडत नाही, आणि शोधणाऱ्याची समजूत होते की तो शब्द त्या ग्रंथात नाहीच. लायब्ररीने या तिन्ही वाटा एकत्र कराव्यात की करू नयेत याविषयी मतभेद होऊ शकतो. परंतु तिने काय केले आहे हे लिहून ठेवावे, याविषयी मतभेदाला जागा नाही.

त्या रात्री मला नागेशभट्टांची आठवण झाली, आणि येथे काशीचा संबंध केवळ वास्तव्यापुरता राहत नाही. काळे आडनावाच्या महाराष्ट्रीय घराण्यातले हे वैयाकरण काशीतच राहिले, आणि पाणिनीची सूत्रे कोणत्या तत्त्वांनी लावावीत याची चर्चा करणारा त्यांचा ‘परिभाषेन्दुशेखर’ आजही व्याकरणाच्या विद्यार्थ्याला चुकत नाही. त्या ग्रंथाची पहिलीच परिभाषा, म्हणजे अशा तत्त्वांपैकी पहिलेच, अशी की एखाद्या नियमाच्या अर्थाविषयी संदेह उत्पन्न झाला म्हणून तो नियम निरर्थक ठरत नाही. त्याचा विशेष अर्थ व्याख्यानावरून निश्चित करावयाचा असतो. ही परिभाषा कोणत्या अडचणीतून निघाली ते पाहिले म्हणजे आजच्या प्रोग्रामरला आपल्याच घरची गोष्ट वाटावी. ज्या १४ माहेश्वर सूत्रांवर पाणिनीची सर्व संक्षेपयोजना उभी आहे, त्यांत ण् हे खुणेचे अक्षर दोनदा आले आहे, एकदा पहिल्या सूत्राच्या शेवटी आणि एकदा सहाव्याच्या. मग ‘अण्’, म्हणजे अ पासून ण् या खुणेपर्यंतचे वर्ण, असे म्हटले की अ, इ, उ एवढेच घ्यावयाचे की पुढे ल पर्यंतचे सर्व वर्ण घ्यावयाचे? एकच नाव, दोन अर्थ. परंपरेने व्याख्यानाच्या बळावर याचा निर्णय लावला : अण् सर्वत्र पहिल्या ण् ने घ्यावा, केवळ सवर्णग्रहणाच्या सूत्रात दुसऱ्याने, आणि इण्, म्हणजे इ पासूनचा तसाच संक्षेप, नेहमी दुसऱ्याने. मूळ रचनेत हात न घालता स्पष्टीकरणाने संदेह मिटविला गेला, आणि ते स्पष्टीकरण पुढे रचनेचाच भाग होऊन बसले.

वैयाकरणांना अर्ध्या मात्रेचे लाघव साधले तरी पुत्रजन्माचा आनंद होतो, हे प्रसिद्ध वचन त्याच ग्रंथाच्या अखेरीस येते. थोडक्या अक्षरांत पुष्कळ काम करून घेण्याचा हा आनंद चांगला कोड लिहिणाऱ्या प्रत्येकास परिचित आहे, आणि तो निषिद्ध मानण्याचे कारण नाही. परंतु ज्या ग्रंथाचा शेवट लाघवाने होतो त्याचा आरंभ व्याख्यानाने झालेला आहे, ही गोष्ट मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना पुनःपुन्हा दाखवितो. सूत्र जितके आखूड, तितका भाष्याचा भार अधिक. तो भार कोणी उचललाच नाही, तर सूत्राचे लाघव हे वाचणाऱ्याच्या माथी मारलेले कर्ज होते.

कृतीला सभेपुढे ठेवण्याची रीतही या नगरीत जुनी आहे. भागवताच्या एकादश स्कंधावरील एकनाथांची मराठी टीका पैठणास आरंभिली गेली आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीत पूर्ण झाली. परंपरा सांगते की देवभाषेतला विषय प्राकृतात आणला म्हणून येथील विद्वानांनी प्रथम तीव्र हरकत घेतली, नाथांना बोलावून घेऊन त्यांची कृती ऐकली, आणि अखेरीस त्याच ग्रंथाचा मिरवणुकीने गौरव केला. या कथेतला मला शिरोधार्य वाटणारा भाग मिरवणुकीचा नाही. ज्यांनी हरकत घेतली त्यांनी ग्रंथ ऐकून घेतला, हा आहे. नागपंचमीच्या दिवशी येथील नागकूपावर वैयाकरणांचा शास्त्रार्थ भरविण्याची प्रथा आहे, आणि त्या स्थानाचा संबंध परंपरेने महाभाष्यकार पतंजलींशी जोडला आहे. शास्त्रार्थाचा नियम असा की प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम पूर्वपक्ष म्हणून त्याच्या पूर्ण बळाने मांडावे लागते, आणि मगच उत्तर द्यावयाचे असते. प्रस्तावित लायब्ररीचे परीक्षण करणाऱ्याने हा नियम जशाच्या तसा उचलावा. कर्त्याने अमुक रचना का स्वीकारली असेल, हे त्याच्या बाजूने उत्तमात उत्तम शब्दांत सांगता येत नसेल, तर त्या रचनेवर दोष ठेवण्याचा अधिकार आपल्याला अद्याप आलेला नाही असे समजावे.

अर्वाचीन काळात या कामाला जी शिस्त आली तिचा सर्वांत परिणत नमुना सी++ या भाषेसाठी १९९८ साली बीमन डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या ‘बूस्ट’ या संग्रहात सापडतो. तेथे लायब्ररी स्वीकारण्यापूर्वी तिचे जाहीर परीक्षण होते. त्यासाठी एक परीक्षण-व्यवस्थापक नेमला जातो, साधारणतः दहा दिवसांची मुदत ठेवली जाते, आणि प्रत्येक परीक्षकाने काही ठराविक प्रश्नांची उत्तरे द्यावीत अशी अपेक्षा असते : रचना कशी वाटली, प्रत्यक्ष कोड कसा आहे, दस्तऐवज कसे आहेत, लायब्ररीची उपयुक्तता किती, आपण ती स्वतः वापरून पाहिली काय आणि वापरताना कोणत्या अडचणी आल्या, परीक्षणावर किती श्रम खर्च केले, आणि या विषयाचे आपले ज्ञान कितपत आहे. शेवटचे दोन प्रश्न मला विशेष मोलाचे वाटतात, कारण ते साक्ष देणाऱ्याची योग्यता साक्षीबरोबरच नोंदवून घेतात. निर्णय मतांची मोजदाद करून होत नाही. व्यवस्थापक सर्व युक्तिवादांचे वजन करून मंजूर, सशर्त मंजूर किंवा नामंजूर असा शेरा कारणांसह देतो. या संग्रहातल्या अनेक रचना, स्मृतीची जबाबदारी सांभाळणाऱ्या सामायिक पॉइंटरपासून नमुनाशोधाच्या रेगेक्सपर्यंत, पुढे २०११ च्या सी++ प्रमाणकात जाऊन बसल्या. उलट, वस्तूंची स्थिती फाइलीत साठवून पुन्हा उभी करणारी सीरियलायझेशन लायब्ररी तेथे २००२ साली नामंजूर झाली होती. तिच्या कर्त्याने हरकतींचा विचार करून ती नव्याने मांडली आणि २००४ साली ती मंजूर झाली. नामंजुरी हा अवमान मानणाऱ्या आपल्या समाजाने हा दाखला जवळ ठेवावा.

शास्त्रीय संशोधनात वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी २०१६ साली सुरू झालेले ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ हे नियतकालिक परीक्षकाच्या हाती एक तपासणी-यादीच देते. लायसन्स आहे काय, लिहिल्याबरहुकूम स्थापना होते काय, ही लायब्ररी कोणासाठी आणि कोणत्या गरजेसाठी आहे ते सांगितले आहे काय, प्रत्यक्ष प्रश्न सोडविणारी उदाहरणे आहेत काय, आपोआप चालणाऱ्या चाचण्या आहेत काय, आणि ज्याला हातभार लावावयाचा किंवा मदत मागावयाची आहे त्याने कोठे जावे ते लिहिले आहे काय. या यादीतील निम्म्याहून अधिक कलमे कोडाविषयी नसून स्पष्टीकरणाविषयी आहेत, हे ज्याने एकदा लक्षात घेतले त्याला या पुस्तिकेचा उद्देश निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

दस्तऐवज तपासण्याची माझी रीत आता ठरून गेली आहे, आणि ती दुसऱ्या प्रकरणात तपशिलाने दिली आहे. प्रथम मी कोड उघडीत नाही. स्वच्छ यंत्रावर, केवळ लिहिलेल्या सूचना वाचीत, लायब्ररी बसवून पाहतो. जेथे अडखळतो तेथे स्वतःच्या हुशारीने पुढे न जाता थांबून तशी नोंद करतो, कारण माझी हुशारी पुढच्या माणसापाशी असेलच असे नाही. मग दिलेले पहिले उदाहरण अक्षरशः उतरवून चालवितो. त्यानंतर एक असे उदाहरण घेतो जे कर्त्याने दिलेले नाही, पण गरजू मनुष्य पहिल्याच दिवशी घेऊन येईल. मराठी शब्दांची क्रमवारी लावणाऱ्या लायब्ररीला मी ‘काळ’, ‘कावळा’ आणि ‘काशी’ हे तीन शब्द देतो. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या पाठोपाठ आणि व च्या आधी बसविलेला असल्यामुळे नुसत्या संकेतांकांनी लावलेल्या क्रमात काळ प्रथम येतो, मग कावळा, मग काशी. शाळेत शिकविलेल्या वर्णमालेत मात्र ळ हा ह च्या पुढे येतो, आणि तो क्रम धरला तर कावळा, काशी, काळ असे व्हावयास पाहिजे. लायब्ररी कोणता क्रम लावते त्यावरून मी तिला लगेच बरीवाईट ठरवीत नाही. दस्तऐवजांत तो क्रम सांगितला आहे काय, आणि दुसरा हवा असेल त्याला वाट ठेवली आहे काय, हे पाहतो. जे काम लायब्ररी करीत नाही त्याची कबुली जेथे ठळकपणे दिलेली असते, तेथे जे करते म्हणून सांगितले आहे त्यावरही माझा विश्वास अधिक बसतो.

कोडाच्या तपासणीला तिसरे प्रकरण दिले आहे, आणि त्यात चाचण्यांचा विचार आहे. आमच्या परिसरातील वैदिकांना मी चाचणीचे तत्त्व समजावून सांगावयास गेलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की ते तत्त्व त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. वेदपठणाच्या क्रमपाठात पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे अशी पदे जोडीने म्हणतात. जटेत तीच जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट. घनात तिसरे पद सामील करून पुन्हा उलटसुलट. एकच पद इतक्या निरनिराळ्या शेजारांत उच्चारले जाते की कोठे स्वर ढळला तर तो लपून राहत नाही. चांगली चाचणीही फंक्शनाला अशाच निरनिराळ्या शेजारांत उभे करते : रिकामा शब्द, एकाच अक्षराचा शब्द, अदृश्य जोडचिन्ह असलेला शब्द, देवनागरी आणि रोमन यांची सरमिसळ. मात्र सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या म्हणजे परीक्षण संपले असे कोणी समजू नये. ‘लांबी’ परत करणाऱ्या त्या फंक्शनाच्या चाचण्याही उत्तीर्णच होत होत्या. कर्त्याच्या मनातली लांबी ते फंक्शन बिनचूक परत करीत होते.

सुरक्षिततेचा प्रश्न चौथ्या प्रकरणात आहे, आणि तेथे दोन अलीकडील घटनांचा विचार केला आहे. ‘लॉग४जे’ या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत २०१३ साली एक सूचना सोय म्हणून स्वीकारली गेली, जिच्यामुळे नोंदीच्या मजकुरातील विशिष्ट खुणांमधला भाग दूरच्या यंत्राकडून माहिती आणण्याची आज्ञा म्हणून वाचला जाऊ लागला. २०२१ च्या डिसेंबरात उघड झाले की त्या मार्गाने कोणीही परका मनुष्य आपला कोड दुसऱ्याच्या यंत्रावर चालवू शकतो. ही सोय मुळात कोणाला हवी आहे आणि ती न मागणाऱ्यालाही का मिळावी, हा साधा प्रश्न त्याआधी आठ वर्षे विचारला असता तर पुरेसा होता. दुसरी घटना २०२४ च्या मार्चमधील. ‘एक्सझेड’ या संकोचन-लायब्ररीच्या चाचण्यांसाठी ठेवलेल्या फायलींतच घातक कोड दडविलेला होता, आणि तो सापडला तो आंद्रेस फ्रॉइंट या अभियंत्याला, दूरच्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो एवढ्याशा विसंगतीवरून. सवयीने डोळेझाक करावी इतके ते अंतर लहान होते. त्याने तसे केले नाही, आणि त्यामुळे असंख्य यंत्रे वाचली.

परीक्षकाच्या भाषेविषयी पाचव्या प्रकरणात लिहिले आहे, आणि ते प्रकरण मी सर्वांत अधिक वेळा फाडून पुन्हा लिहिले. मुक्तस्रोत लायब्ररीचा कर्ता बहुधा विनावेतन, रात्रीचा वेळ काढून काम करीत असतो. त्याच्या कृतीवर शेरा मारताना तो शेरा कृतीवर राहावा, कर्त्यावर जाऊ नये. प्रत्येक हरकतीबरोबर ती कोठे, कोणत्या कृतीने अनुभवास आली याचा पुरावा असावा. आणि मंजुरीची अट व केवळ इच्छा यांची गल्लत होऊ नये म्हणून दोन्ही निरनिराळ्या लिहाव्यात. ‘दस्तऐवज अपुरे आहेत’ या शेऱ्याने कोणाचेच काम होत नाही. ‘दऱ्या या शब्दासाठी उत्तर पाच आले, लांबी म्हणजे संकेतांकांची संख्या अभिप्रेत असेल तर तसे लिहावे आणि अक्षरसंख्येसाठी निराळे फंक्शन द्यावे’ असा शेरा मी त्या वेळी मारला असता, तर ती दुरुस्ती एका संध्याकाळीच झाली असती.

मराठी वाचकांपुढे हा विषय आताच का मांडावा, तेही सांगितले पाहिजे. आपल्या भाषांसाठी होत असलेले मुक्त काम आता मोजक्या हौशी लोकांपुरते राहिलेले नाही. अनूप कुंचुकुट्टन यांची इंडिक एनएलपी लायब्ररी, पुण्यातील एलथ्रीक्यूब या गटाची मराठीसाठी रचलेली महाएनएलपी, हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली संस्कृतची संसाधनी, ही नावे सहज समोर येतात. लिहिणारे हात वाढत आहेत. त्या मानाने परीक्षण करणारे डोळे वाढलेले नाहीत. शिवाय अशा लायब्ऱ्यांचे दस्तऐवज प्रायः इंग्रजीतच लिहिले जातात, त्यामुळे जिल्ह्याच्या गावी बसून मराठीत विचार करणारा विद्यार्थी, ज्याच्या भाषेसाठी लायब्ररी लिहिली गेली तोच, दाराबाहेर राहतो. मराठीत स्पष्टीकरण लिहिणे हे भाषाभिमानाचे काम आहेच, पण ते परीक्षणाचेही एक साधन आहे : इंग्रजीत ‘लेंग्थ’ लिहून जो संदेह झाकला गेला होता, तो मराठीत लिहिताना ‘कशाची लांबी?’ म्हणून आपोआप उघडा पडला असता. ज्या नगरीत नाथांनी आपली टीका मराठीत पुरी केली, तेथून एवढे आवाहन करण्याचा अधिकार दूधविनायकाच्या रहिवाशास असावा.

या पुस्तिकेचा मसुदा अनेकांनी वाचला, आणि त्यांतल्या सर्वांत उपयुक्त हरकती त्या वही घेऊन आलेल्या मुलीच्या होत्या. तिला मी मुद्दाम अशी प्रकरणे वाचावयास दिली ज्यांचा विषय तिला ठाऊक नव्हता, आणि जेथे ती अडखळली तेथे मी वाक्य बदलले. तिची समजूत घालण्याचा प्रयत्न केला नाही. तिचा प्रोग्राम आता अभंगाचे चरण बरोबर मोजतो, आणि त्या लायब्ररीच्या दस्तऐवजांत ‘लांबी’ या शब्दाच्या जागी चार ओळींचे एक छोटे कोष्टक आले आहे : बाइट, संकेतांक, जुन्या नियमाचे गट, नव्या नियमाचे गट, उदाहरणादाखल ‘दऱ्या’, आणि समोर १५, ५, ३, २. ते कोष्टक तिनेच लिहून कर्त्याकडे पाठविले आणि त्याने ते आनंदाने स्वीकारले. ज्या वाचकाला पुढील पानांत अशी एखादी वाट अस्पष्ट वाटेल, त्याने ती निःसंकोच कळवावी. घर सापडले नाही तर पत्ता सांगणाऱ्याने तो पुन्हा लिहावा, एवढीच या पुस्तिकेची शिकवण आहे, आणि ती प्रथम पुस्तिकेलाच लागू आहे.

दूधविनायक, वाराणसी
नागपंचमी, शके १९४७